दमलेल्या हृदयाचा विसावा : प्रस्तावना

बीटा-ब्लॉकर ही औषधे हृदय कमजोर झालेल्या रुग्णाला चुकूनही देऊ नयेत, असे 1970 च्या दशकात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेत. आज त्याच रुग्णाला ती दिली नाहीत, तर उपचार अर्धवट राहिला असे म्हणतात. औषध तेच, आजारही तोच. बदलली ती आजाराची समजूत. वैद्यकशास्त्राने आपले मत एका पिढीत इतके उलटे फिरवल्याची उदाहरणे फार नाहीत. ते का फिरले, हे कळणे ही केवळ डॉक्टरांची गरज नाही. ज्याला ती गोळी रोज गिळायची आहे, त्याला आणि ती त्याच्या हातावर ठेवणाऱ्या घरच्या माणसाला ते आधी कळले पाहिजे. हे पुस्तक त्या दोघांसाठी आहे.

गोव्यातल्या साखळीत बसून या विषयावर मराठीत लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. छातीत दुखू लागलेल्या माणसाचा ईसीजी आता सरकारी आरोग्य केंद्रात निघतो, तो बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर पाहतात, रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे मिळते आणि मग रुग्णवाहिका बांबोळीची वाट धरते. पूर्वी जी माणसे वाटेतच गेली असती, ती आज घरी परततात. ही फार मोठी कमाई आहे. पण झटक्यात हृदयाचा जो भाग मेला तो मेलाच, आणि उरलेल्या भागावर पुढची वर्षे काढायची असतात. झटक्यातून वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला पुढे कमजोर हृदयाचा आजार येतो तो असा. त्यात मधुमेहाची भर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले ते गोव्यात : प्रौढांपैकी 26.4 टक्के. डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या कुठल्याही वाड्यावर शुगरची आणि बीपीची गोळी घेणारी माणसे आहेत. या पुस्तकाचा वाचक त्यांच्यातच आहे.

तेव्हा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. समजा, बाजारात दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत. वय 58, दहा-बारा वर्षांची शुगर, दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला. आता दुकानाच्या माळ्यावर चढताना धाप लागते. रात्री एका उशीवर झोपले तर गुदमरल्यासारखे होते, म्हणून दोन घेतात, मग तीन. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर तिथे खळगा पडतो आणि भरायला वेळ लागतो. जेवण कमी झाले आहे, पण वजन आठवड्यात तीन किलो वाढले आहे. इको केला तर कळते की डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला जिथे साधारण 60 टक्के बाहेर पडायला हवे, तिथे 30 टक्केच पडते आहे. हृदय बंद पडलेले नाही. ते दिवसरात्र चालते आहे, पण शरीराची गरज भागवताना कमी पडते आहे.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढची क्वचितच सांगितली जाते, आणि सगळी मेख त्या पुढच्या गोष्टीत आहे.

शरीराला इकोचा रिपोर्ट वाचता येत नाही. मानेतल्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. त्यांना एवढेच कळते की धमनीची भिंत पूर्वीइतकी ताणली जात नाही. मूत्रपिंडाला एवढेच कळते की आपल्याकडे येणारे रक्त घटले आहे. हे का घडले, हे दोघांनाही कळायला मार्ग नाही. माणसाच्या लाखो वर्षांच्या इतिहासात रक्ताचा दाब उतरण्याची नेहमीची कारणे दोनच होती : जखम होऊन रक्त वाहून जाणे, किंवा पाणी-मीठ न मिळून शरीर सुकणे. ज्याचे हृदय अशक्त झाले तो फार दिवस जगतच नसे, त्यामुळे त्या परिस्थितीसाठी वेगळी तजवीज शरीराने कधी केलीच नाही. आपल्या दुकानदाराच्या शरीराला वाटते की याला कुठेतरी मोठी जखम झाली आहे, आणि जखमी माणसाला वाचवण्याची जी युद्धपातळीवरची व्यवस्था आहे ती सुरू होते.

या व्यवस्थेची एक बाजू मज्जासंस्थेची. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या मज्जासंस्थेचे दोन विभाग आहेत. संकटात शरीराला सज्ज करणारा तो अनुकंपी, आणि विश्रांतीत शांत ठेवणारा तो परानुकंपी. दाब उतरल्याचा निरोप मेंदूला पोचताच पहिल्याचा जोर वाढतो, दुसऱ्याचा ओसरतो. हृदयाच्या स्नायूत पसरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन पाझरू लागते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. ही रसायने हृदयाच्या पेशींवरच्या बीटा नावाच्या ग्राहींना चिकटतात. ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणावर बसवलेले प्रथिन, जे बाहेरचा निरोप घेऊन आत पोचवते. निरोप मिळाला की पेशीत कॅल्शियमची ये-जा वाढते, ठोके जलद आणि जोरकस होतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून या रुग्णांचे हात-पाय थंड लागतात.

दुसरी बाजू संप्रेरकांची, आणि ती पहिलीपासून तुटलेली नाही. मूत्रपिंडातल्या काही खास पेशींवरही बीटा ग्राही असतात. अनुकंपी मज्जातंतूंनी त्यांना डिवचले की त्या रेनिन सोडतात. रेनिनपासून सुरू होणारी साखळी अँजिओटेन्सिन-दोनपर्यंत जाते, जे रक्तवाहिन्या आवळण्यात फार ताकदवान आहे. त्याच्या सांगण्यावरून अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन निघते आणि ते मूत्रपिंडाला बजावते : मीठ बाहेर जाऊ देऊ नकोस. मीठ राहिले की पाणी राहते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन येते, तेही पाणी धरून ठेवते. पायावरचा तो खळगा म्हणजे हेच साठलेले पाणी.

मिठाची ही ओढ आपल्या भागाने तर नीट समजून घ्यावी. पेडण्यात आगरवाड्याला मिठागरे आहेत. मीठ आपल्याला कधी दुर्मीळ नव्हते. पावसाळ्यापूर्वी घराघरांत पुरुमेंताची भरती होते, त्यात सुके बांगडे, सुंगटे, खारवलेल्या कैऱ्या, लोणची हे सगळे मिठावरच टिकते. दहा-अकरा वाजता पेज घ्यायची ती यातल्या कशाला तरी तोंडी लावून. निरोगी शेतकऱ्याच्या घामात ते मीठ निघून जाते. ज्याचे मूत्रपिंड अल्डोस्टेरॉनच्या हुकमाखाली एकेक कण राखून ठेवते आहे, त्याच्या अंगात मात्र ते मुक्कामाला राहते. पथ्याचे प्रकरण या पुस्तकात मोठे झाले आहे ते यामुळे.

या साऱ्याच्या विरुद्ध झटणारी संप्रेरकेही आहेत. हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की हृदय स्वतःच काही प्रथिने रक्तात सोडते, जी मीठ-पाणी बाहेर टाकायला आणि रक्तवाहिन्या सैल करायला सांगतात. हृदय हीसुद्धा एक ग्रंथी आहे, हे 1980 च्या दशकात कळले. आज रुग्णाच्या कागदावर बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी असा जो आकडा असतो, तो या प्रथिनांचाच. पण आजार वाढला की ही बाजू अपुरी पडते.

जखमी माणसासाठी ही व्यवस्था काही तासांची, काही दिवसांची असते. रक्त थांबले, पाणी मिळाले की ती आपोआप शमते. आपल्या दुकानदाराचे हृदय मात्र उद्याही अशक्तच राहणार आहे, परवाही. त्यामुळे हे सज्जतेचे फर्मान मागे घेतलेच जात नाही. ते महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चालू राहते, आणि जी मदत म्हणून सुरू झाली तीच जिवावर उठते. आवळलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलण्याचे काम हृदयालाच करावे लागते. वाढलेल्या पाण्याने त्याचे कप्पे फुगतात. सतत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन झेलणाऱ्या पेशी कॅल्शियमच्या अतिरेकाने जखमी होतात, काही मरतात, त्यांच्या जागी तंतूंचे निबर जाळे येते. कप्पा लांबट होता तो गोल होतो, भिंत पातळ होते. ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यता वाढते. या आजारात कित्येक माणसे अचानक जातात ती या बिघडलेल्या लयीने. हृदय आणखी अशक्त झाले की मेंदूला आणखी तातडीचा निरोप जातो. चक्र असे फिरत राहते.

हे नुसते अनुमान नव्हे. 1984 साली अमेरिकेत जे. एन. कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 106 रुग्णांच्या रक्तातले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मोजले आणि त्यांचे पुढे काय झाले ते पाहिले. ज्यांच्या रक्तात ते जास्त, ते लवकर गेले. त्याच्या दोन वर्षे आधी मायकेल ब्रिस्टो यांनी निकामी झालेल्या मानवी हृदयांची तपासणी केली होती. त्यांना दिसले की अशा हृदयात बीटा ग्राहींची संख्या जवळपास निम्म्यावर आलेली असते. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. पेशी स्वतःच ग्राही आत ओढून घेत होत्या. अखंड येणाऱ्या त्या निरोपापासून हृदय स्वतःला वाचवू पाहत होते, आणि डॉक्टर मात्र त्या काळात अधिक जोराने ठोके पाडणारी औषधे शोधण्यात गुंतले होते. त्यांपैकी मिलरिनोन नावाच्या औषधाची 1,088 रुग्णांवरची चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, 28 टक्क्यांनी जास्त निघाले. दमलेल्या हृदयाला आणखी पळवणे हा उपचार नव्हे, हे त्यानंतर नाकारण्याची सोय उरली नाही.

मग अनुकंपी मज्जासंस्थेला आवरायचे कसे? या प्रश्नाच्या इतिहासात आपली माती, आपले जंगल आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

1563 साली गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपाने तो लिहिला. सापाच्या विषावर इथले लोक वापरत असलेल्या काही मुळ्यांची त्यात हकिगत आहे, आणि त्यातली एक सर्पगंधा असावी असे अभ्यासक मानतात. सर्पगंधा पश्चिम घाटात आढळते. तिची मुळी रक्तदाब उतरवते हे भारतीय वैद्यांच्या आणि संशोधकांच्या लेखनातून 1930 च्या दशकातच पुढे आले होते. पण जगाने ते मनावर घेतले 1949 साली, जेव्हा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये 50 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. 1957 साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन काय करते? मज्जातंतूंच्या टोकांत साठवलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ते रिते करते. अनुकंपी मज्जासंस्थेला औषधाने लगाम घालता येतो, हे दाखवणाऱ्या आरंभीच्या औषधांत आपल्या घाटातली ही मुळी आहे. पण कोठार रिते करणे हा फार ढोबळ उपाय. मेंदूतलेही कोठार त्याने रिते होते, आणि रुग्णांना उदासी येऊ लागली. कमजोर हृदयाच्या आजारात तर त्याचा उपयोग झालाच नाही.

वाट दुसरीकडून निघाली. 1948 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात रेमंड अल्क्विस्ट यांनी मांडले की अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचे ग्राही एक नव्हे, दोन प्रकारचे असले पाहिजेत. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा म्हटले. पुष्कळांना ते पटले नाही. ज्यांना पटले त्यांत स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक होते. हृदयशूळाच्या रुग्णाच्या हृदयाला जास्त रक्त पुरवण्याऐवजी त्याची गरजच कमी केली तर, असा त्यांचा सरळ विचार होता. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन निघू दे, फक्त ते हृदयाच्या पेशीवर जिथे टेकते ती जागा आधीच अडवून ठेवायची. त्यातून 1964 साली प्रोप्रानोलॉल आले. ब्लॅक यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयशूळ आणि रक्तदाब यांवर बीटा-ब्लॉकर जगभर चालू झाले. कमजोर हृदय मात्र वर्ज्य. तर्क बिनतोड दिसत होता : हे हृदय अनुकंपी आधारावर कसेबसे उभे आहे, तो काढला तर ते कोसळेल. आणि पूर्ण मात्रेत एकदम दिलेल्या औषधाने रुग्ण खरोखरच बिघडत. अशा काळात स्वीडनमधल्या गोटेबर्ग शहरात फिन वागस्टाइन, ऑके याल्मार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांना, ज्यांची हृदये फुगलेली आणि नाडी जलद होती, जपून बीटा-ब्लॉकर दिले. काही महिन्यांत ती माणसे सुधारली. 1975 साली हा अनुभव प्रसिद्ध झाला, तोही ब्रिटिश हार्ट जर्नलमध्येच. सात म्हणजे फारच थोडे, आणि तुलनेला दुसरा गट नाही. विश्वास न ठेवणाऱ्यांकडे सबळ कारणे होती. जवळजवळ वीस वर्षे ही मंडळी प्रवाहाविरुद्ध काम करत राहिली. त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मोठ्या चाचण्यांनी अखेर निकाल दिला. 1996 मध्ये अमेरिकेत कार्व्हेडिलॉल, 1999 मध्ये युरोपात बिसोप्रोलॉल 2,647 रुग्णांवर, त्याच वर्षी सावकाश विरघळणारे मेटोप्रोलॉल 3,991 रुग्णांवर, 2001 मध्ये अतिशय गंभीर 2,289 रुग्णांवर पुन्हा कार्व्हेडिलॉल. शेवटच्या तिन्ही चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटले, आणि तिन्ही ठरलेल्या मुदतीआधी थांबवाव्या लागल्या, कारण लाभ इतका उघड होता की उरलेल्या रुग्णांना औषधावाचून ठेवणे अन्यायाचे झाले असते.

या यशातही एक धडा दडला होता. बीटा ग्राही अडवून लाभ होतो, तर मेंदूतून निघणारा अनुकंपी आदेशच बंद पाडला तर आणखी लाभ होईल, असे वाटणे साहजिक होते. मॉक्सोनिडिन या औषधाने तसे करून पाहिले. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन झपाट्याने उतरले, आणि औषध घेणाऱ्या गटात मृत्यू वाढले. चाचणी अर्ध्यावर सोडावी लागली. ब्युसिंडोलॉल या दुसऱ्या बीटा-ब्लॉकरचा लाभही 2001 च्या चाचणीत सिद्ध झाला नाही. शरीराचा हा आधार एकदम हिसकावून घ्यायचा नाही, अतिरेक तेवढा काढायचा, आणि गरज पडली तर वापरायला थोडा मागे ठेवायचा. म्हणूनच वाटेल ते बीटा-ब्लॉकर या आजारात चालत नाही. शेजाऱ्याच्या बीपीवरची गोळी त्याच कुळातली असली, तरी ती आपल्या हृदयासाठी पारखलेली असेलच असे नाही.

आता आपल्या दुकानदाराकडे परत येऊ. लघवीची गोळी देऊन आधी त्यांच्या अंगावरचे पाणी उतरवले आहे. अंगात पाणी भरलेले असताना बीटा-ब्लॉकर सुरू करत नाहीत. मग डॉक्टर कार्व्हेडिलॉल लिहून देतात, 3.125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत. एवढीशी मात्रा पाहून घरच्यांना वाटते, याने काय होणार? दोन आठवड्यांनी ती दुप्पट करायची, पुन्हा दोन आठवड्यांनी दुप्पट, सोसेल तशी 25 मिलिग्रॅमपर्यंत न्यायची. पूर्ण मात्रा ही सुरुवातीच्या आठपट आहे.

पहिल्या दिवसांत काय होते ते स्पष्ट सांगायला हवे. हृदयाचा अनुकंपी आधार थोडा निघतो, ठोक्याचा जोर किंचित कमी होतो. अंगात गळाठा वाटतो, उठताना चक्कर येते, कधी पाय पुन्हा सुजतात. घरातले म्हणतात, ‘गोळी सुरू केल्यापासून हे जास्तच थकलेत.’ त्यांचे निरीक्षण खोटे नसते. याच टप्प्यावर गोळी फडताळात जाऊन पडते, आणि तिने जे काम करायचे होते ते राहून जाते.

कारण ते काम महिन्यांच्या हिशोबात चालते. नाडी 90 वरून 60 वर आली, तर दिवसाचे 43,200 ठोके वाचतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळते. तो विसावा लांबतो. मूत्रपिंडाचे बीटा ग्राही अडवल्याने रेनिन घटते, आणि त्यामागून अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉनचा जोरही उतरतो. एक गोळी मज्जासंस्था आणि संप्रेरके या दोन्ही बाजूंना पोचते ती अशी. पेशींवरचा कॅल्शियमचा मारा थांबतो, लय बिघडण्याची भीती कमी होते. मेटोप्रोलॉलसारख्या औषधाने तर हरवलेले ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर परत येतात, असे दिसले आहे. साधारण तीन महिन्यांनी इको केला तर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढलेले दिसू लागते. वर्ष-दीड वर्षात फुगलेला कप्पा आकसतो, गोल झालेला पुन्हा लांबट होऊ लागतो. हृदयाचा आकार औषधाने मागे फिरतो, ही गोष्ट 1975 पूर्वी कुणी बोलला असता तर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

बीटा-ब्लॉकर एकटे नसते. अँजिओटेन्सिनचा मार्ग अडवणारी औषधे 1987 पासून, अल्डोस्टेरॉनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन 1999 पासून या आजारात सिद्ध झालेली आहेत, आणि मधुमेहावरून आलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे 2019 पासून त्यांत मिळाली. त्यांची प्रकरणे स्वतंत्र आहेत. औषधे आहेत, बरीचशी जुनी आणि स्वस्त आहेत, पण ती पोचतात किती जणांना? केरळात तिरुवनंतपुरम येथे 2013 साली रुग्णालयांत दाखल झालेल्या 1,205 रुग्णांची नोंद ठेवली गेली. घरी जाताना सगळी योग्य औषधे मिळालेले त्यात साधारण चौथा हिस्सा होते, आणि वर्षभरात जवळजवळ 31 टक्के रुग्ण दगावले. आरोग्यसेवेत केरळ देशात पुढे मानले जाते. बाकीच्यांनी यावरून काय ते ओळखावे.

काही इशारे प्रस्तावनेतच देऊन ठेवतो, कारण पुस्तक शेवटपर्यंत वाचले जाईलच असे नाही. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. श्वासनलिका सैल ठेवणारे ग्राहीही बीटा कुळातलेच आहेत. शुगर एकदम उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात. बीटा-ब्लॉकरवर ही लक्षणे झाकली जातात, घाम मात्र येतो, म्हणून मधुमेहींनी घामाकडे लक्ष ठेवावे. सांधे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन विकत घेऊन खाऊ नये. ती मीठ-पाणी अंगात अडवतात. सत्तरी-डिचोलीत गावठी औषधांची परंपरा मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे, पण बीटा-ब्लॉकर चालू असताना सर्पगंधेची मुळी किंवा ती असलेले औषध घेतले, तर दोन लगाम एकाच वेळी पडून नाडी आणि दाब धोकादायक उतरू शकतात. वैद्यांनाही आपल्या गोळ्या दाखवा.

हेही सांगितले पाहिजे की हे सारे ज्यांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद उतरली आहे त्यांच्याबद्दल आहे. काहींना धाप लागते, पाय सुजतात, पण इकोत ताकद चांगली दिसते. हृदय ताठर झालेले असते. त्यांच्यात बीटा-ब्लॉकरचा असा लाभ सिद्ध झालेला नाही. झटक्यानंतर ताकद शाबूत राहिलेल्यांना हे औषध चालू ठेवावे का, यावरही 2024 मध्ये स्वीडनहून आलेल्या एका मोठ्या चाचणीने प्रश्न उभा केला आहे. त्या बातम्या वाचून कमजोर हृदयाच्या रुग्णाने आपली गोळी थांबवू नये. एकाएकी थांबवलेले बीटा-ब्लॉकर फार वाईट उलटते, कारण इतके दिवस अडवलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मोकळ्या झालेल्या ग्राहींवर तुटून पडते. चतुर्थीला गावच्या घरी जाताना गोळ्यांची पट्टी शहरातच राहिली, उपासाच्या दिवशी सकाळची गोळी टाळली, असे होऊ देऊ नका.

पुस्तकाच्या शेवटी वजन आणि नाडी लिहायचा तक्ता दिला आहे. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि नाडी मोजा. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले, नाडी 50 च्या खाली गेली, किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तक्ता घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि मात्रा बदलायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. ज्यांच्या घरी हे पुस्तक जाईल त्यांना माझी विनंती एकच : बीटा-ब्लॉकरवरचे प्रकरण रुग्णाने आणि त्याला गोळी देणाऱ्या माणसाने, पहिली गोळी घेण्याच्या आधी, एकत्र बसून वाचावे.